बाळाला वारा लागेल

आई, पुढच्या आठवड्यात तुझी नात बाळंतपणासाठी माझ्याकडे मुलुंडला येते आहे आणि मी घाबरले आहे. हे इथे कुणाला सांगता येत नाही, कारण घरात सगळे आनंदात आहेत. तुझ्या जावयांनी पलंग खिडकीपासून भिंतीकडे आणि भिंतीपासून पुन्हा खिडकीकडे सरकवून बघितला आहे. अळीव आले, डिंक आला, शेजारच्या बाईंनी दुपट्यांसाठी त्यांच्या जुन्या मऊ साड्या धुऊन आणून दिल्या. मीही सगळ्यांना हसून सांगते की हो, झाली तयारी, आणि मग स्वयंपाकघरात येऊन ओटा धरून उभी राहते. बाळंतपणाची भीती नाही वाटत. दवाखाना चांगला आहे, डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या आहेत, पोरगी ठणठणीत आहे. मला भीती वाटते ती त्यानंतरची. बाळ घरी येईल, खोलीचं दार लोटलं जाईल, आणि सगळे माझ्याकडे बघतील की आता तू कर, तुझ्या आईने केलं होतं तसं.

माझं काम नेमकं काय ते तुला कधी नीट कळलं नाही. चाळीत कुणी विचारलं की तू सांगायचीस, "नकाशे काढता," आणि मी चिडायचे. एवढं शिकून मी नकाशे काढते होय! पण आता निवृत्तीला टेकल्यावर वाटतं, तू बरोबरच सांगत होतीस. आजार कुठे होतो ते मी जन्मभर नकाशावर मांडत आले. दवाखान्यांच्या नोंदींतून पत्ते घ्यायचे, एका पत्त्याचा एक ठिपका करायचा, आणि मग त्या ठिपक्यांखाली रस्ते, नाले, भट्ट्या, कचऱ्याचे डोंगर, हवेतली धूळ असं सगळं पसरून बघायचं की ठिपके कशाच्या आसपास दाटतात. पूर्वी हे ट्रेसिंग पेपरवर हाताने करायचो, आता संगणक करतो. माणसाला भित्रं करून सोडणारा धंदा आहे हा. लोक नवं घर बघायला गेले की गॅलरी बघतात, मी वारा कुठून येतो ते बघते. एका मैत्रिणीने अंधेरीला फ्लॅट घेतला तेव्हा पेढा खाता खाता मी तिला विचारलं की हायवे किती लांब आहे. तिने पुन्हा काही मला बोलावलं नाही.

तू माझ्या ऑफिसात एकदाच आलीस. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि मला तुला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. हातातलं काम संपेपर्यंत तुला खुर्चीत बसवलं, चहा मागवला. समोरच्या भिंतीवर उपनगरांचा मोठा नकाशा लावलेला होता, लाल ठिपक्यांनी भरलेला. तू डोळे बारीक करून म्हणालीस, "ह्या काय गो, मुंबयक गोवर इलो काय?" सगळा विभाग हसला. मीही हसत तुला सांगितलं की हा एकेक ठिपका म्हणजे वर्षाच्या आत गेलेलं एकेक मूल. तुझा चेहरा उतरला. "मेलली पोरां ही?" मी हो म्हटलं. "त्यांच्या आवशींक इचारलंस?" मी म्हटलं, आई, यात आयांची नावं नसतात, नुसते पत्ते. तू चहा तसाच ठेवून उठलीस आणि नकाशाला नाक लागेल इतकी जवळ गेलीस. घाटकोपर कुठे आहे ते विचारलंस. मग आपली चाळ. मी तिथे बोट ठेवलं. तिथे ठिपका नव्हता, असायचं कारणच नव्हतं, त्या नोंदी अलीकडच्या वर्षांच्या होत्या. तू बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत राहिलीस. "हंय काय नाय," एवढंच म्हणालीस आणि पदर सारखा केलास. रिक्षात मात्र मला झाडलंस. "दुसऱ्याच्या पोरांचे ठिपके काढतंस, तुका झोप कशी लागता?" मी तुला काहीतरी मोठं उत्तर दिलं असणार, सार्वजनिक आरोग्य वगैरे. ते आठवत नाही. तुझा प्रश्न आठवतो.

आता जे सांगायचं आहे तिकडे वळते. गेलं वर्ष-दीड वर्ष आम्ही तान्ह्या बाळांच्या श्वासाचा त्रास बघतो आहोत. अगदी पहिल्या दोन महिन्यांतली बाळं, धाप लागून दवाखान्यात आलेली. पत्ते घेतले, ठिपके मांडले, आणि नकाशा काही बोलेना. ठिपके कुठेही. जिथे हवा खराब तिथे कमी, जिथे बरी तिथे जास्त. आम्ही यंत्रं तपासली, हिशेब पुन्हा केले, एकमेकींवर चिडलो. शेवटी आमची एक तरुण सहकारी, जी घरोघर भेटी देते, तिला म्हटलं की तू या पत्त्यांवर जाऊनच ये. ती बोरिवलीला एका घरी गेली तर सासूबाई म्हणाल्या, सून माहेरी आहे. दुसऱ्या घरी गेली, तिथेही तेच. संध्याकाळी ती परत आली आणि दारातूनच म्हणाली, "मॅडम, वाट लागली आपली. सगळ्या माहेरी गेल्यात. पत्ता आधार कार्डावरचा, सासरचा. बाळ त्या घरात आलेलंच नाहीये अजून!" आम्ही सगळ्या कपाळावर हात मारून हसलो. त्या खोलीत बसलेली प्रत्येक बाई स्वतः माहेरी बाळंत झालेली होती. कुणी सांगलीला, कुणी कणकवलीला, मी घाटकोपरला तुझ्याकडे. आणि आम्हीच त्या बाळांना नवऱ्याच्या पत्त्यावर शोधत होतो. परदेशी पुस्तकांवरून काम शिकलेल्या आम्हाला माहेर नावाचा पत्ता असतो हे सुचलंच नाही. त्या दिवशी विभागात वडे मागवले. भीती त्यानंतर सुरू झाली.

माहेरचे पत्ते मिळवायला लागलो तसे ठिपके हलले, आणि आम्ही त्या घरांत जायला लागलो. जोगेश्वरीला लेण्यांच्या मागच्या वस्तीत एका घरी मी स्वतः गेले. बाहेर ऊन होतं, आत अंधार. खिडकीच्या फटीत जुनी गोधडी कोंबलेली, वर प्लॅस्टिक चिकटवलेलं. बाजेवर एक मुलगी, तिच्या कुशीत बाळ, आणि बाजेखाली शेगडी. ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली. आई, मी पिशवीतून हवा मोजायचं यंत्र काढायच्या आधीच मला वास आला. तो वास मी कुठेही ओळखला असता. बाळाची आजी कौतुकाने सांगत होती, "सव्वा महिना खिडकी उघडत नाही आम्ही. बाळाला वारा लागतो ना." यंत्रावरचा आकडा चढत होता. धुळीची आणि धुराची इतकी मोजणी मी गाड्यांनी तुंबलेल्या चौकातसुद्धा बघितलेली नाही. माझी सहकारी माझ्याकडे बघत होती, कारण बोलायचं काम माझं. मी शेगडीकडेच बघत होते. मग तीच गोड आवाजात म्हणाली, "आजी, धूर जरा जास्त होतोय, शेगडी बाहेर नेऊया का?" त्या बाईंनी लगेच नेली, वाद घातला नाही. परत आल्या आणि तिला सोडून मला विचारलं, माझे केस पांढरे म्हणून असेल, "म्हणजे इतके दिवस मी वाईट करत होते का हो?" मी नाही म्हटलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. ते बाळ चांगलं आहे. मी नंतर दोनदा जाऊन बघून आले.

तुझी खोली तशीच होती. आता ती चाळ नाही, तिथे मोठी इमारत झाली आहे आणि तुझं स्वयंपाकघर होतं तिथे गाड्या उभ्या असतात. पण डोळे मिटले की मी बाजेवर आहे. भिंतीला पाठ लावून बसले आहे, डोक्याला फडकं बांधलेलं, आणि तू खाली वाकून निखाऱ्यांवर चिमूट चिमूट ओवा टाकते आहेस. खिडकीला तू तुझं जुनं लुगडं दुहेरी करून ठोकलं आहेस. कुणी दार उघडं टाकलं की तू ओरडतेस, "दार ओढून घे, बाळाक वारो लागतलो!" मला तो धूर आवडतो, आई. हेच तर सांगायचं आहे. डोळे चुरचुरतात, पण अंगभर ऊब येते, दुखणं सैल पडतं, आणि वाटतं की आता या खोलीत आपल्याला कुणी काही करू शकणार नाही. माझा पहिला मुलगा माझ्या कुशीत असतो. जरा आधीच आलेला, एवढासा. त्याची छाती भराभरा हलते आणि मी तुला म्हणते की बघ, स्वप्नात धावतोय. तू हसतेस. मग एका दुपारी तू हसत नाहीस. त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाताहेत. बाबा टॅक्सी आणायला धावतात.

दवाखान्यात त्यांनी सांगितलं की वजन कमी होतं. आम्ही ते वाक्य घरी घेऊन आलो आणि पुढे तेच वापरत राहिलो. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे, तू ताट घेऊन यायचीस आणि दरडावायचीस, "जेव, मगे रड." तुझ्या डोळ्याला मी तेव्हा पाणी बघितलं नाही. मला त्याचा रागही यायचा. मी पार्ल्याला सासरी परत निघाले, रिकाम्या हातांनी, त्या दिवशी तू माझ्यासाठी डबा बांधत होतीस. पाठमोरी. गाठ मारता मारता म्हणालीस, "माजा काय चुकला गो?" मी म्हटलं, काही नाही, वजन कमी होतं. तू डबा माझ्या हातात दिलास. पुन्हा कधी विचारलं नाहीस.

मी तेव्हा खरं तेच बोलले. मला दुसरं काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि तरी माहीत नाही, याचीच तर भीती वाटते. विद्यार्थ्यांना मी शिकवते की नकाशा पुष्कळ बाळांबद्दल बोलतो, एका बाळाबद्दल कधीच बोलत नाही. एका ठिपक्याला जाब विचारू नका, असं मी त्यांना दरवर्षी सांगते. माझा मुलगा वेळेआधी जन्मला होता, अशक्त होता, धुराशिवायही गेला असता कदाचित. कदाचित नसताही गेला. हे सांगू शकेल असं यंत्र मी आयुष्यात बघितलं नाही. पण मी जोगेश्वरीच्या त्या पायरीवर बसले होते तेव्हा शास्त्रज्ञ नव्हते. मला फक्त तुझे हात दिसत होते, चिमटीत ओवा धरलेले, आणि वाटत होतं की तू जिवंत नाहीस हे किती बरं झालं. असं आईबद्दल वाटावं, याचीही मला भीती वाटली.

गेल्या रविवारी तुझी नात जेवायला आली. मोठं पोट सांभाळत तिने एक पिशवी डायनिंग टेबलवर उलटी केली. "हे बघ, सासूबाईंनी सगळं पॅक करून दिलंय." ओव्याची पुडी, बाळंतशेपाची पुडी, धूप, आणि ऑनलाइन मागवलेली छोटीशी लोखंडी शेगडी, अगदी खेळण्यातली वाटावी अशी. "आजी करायची तसंच सगळं हवंय हां मला. मालीश, शेक, धुरी, फुल सेवा." मी म्हटलं, मालीश करू, शेक गरम पाण्याच्या पिशवीने करू, धुरी नको. "का? आता ते ऑफिसातलं सुरू करू नकोस ना, यार. आजीने दिलीच असेल ना मला धुरी? काय झालं मला? झकास आहे मी." ती हसत होती आणि मी पुड्या पिशवीत परत भरत होते. तिला ठाऊक आहे की तिच्या आधी एक भाऊ होता. त्याचं वजन कमी होतं, हेही ठाऊक आहे. याहून जास्त सांगायचं म्हणजे तिच्या आजीला तिच्यासमोर उभं करायचं. तुझा फोटो तिच्या फोनवर आहे, मुलगी झाली तर तिला तुझं नाव ठेवायचं असं तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं आहे. आणि नुसतं नको म्हणून भागणार नव्हतं. माझं नको ती जन्मभर ऐकत आली आहे, हायवेजवळचं नको, भट्टीजवळचं नको, ती ते कानाआड करायला शिकली आहे. मी बाजारात गेले की मालीशवाली बाई दार लोटून शेगडी पेटवणार, हे मला लख्ख दिसत होतं. येणाऱ्या बाळाची भराभरा हलणारी छाती दिसत होती.

मी म्हटलं, "तुला आजीने धुरी दिलीच नव्हती."

बोलून गेले आणि मीच थबकले. ती म्हणाली, "काहीतरीच काय! आजीने?" मी म्हटलं, "नव्हती दिली. तुझ्या वेळी तिने शेगडी पेटवलीच नाही." "का गं?" "ते मला माहीत नाही. पण नाही पेटवली." तिने शेगडी हातात फिरवून पाहिली. मग म्हणाली, "मग राहू दे. आजीनेच नाही केलं, तर आपण कशाला करायचं? यावर गॅलरीत कणसं भाजू." एवढ्यावर संपलं. मी तीस वर्षं जे लिहिलं, छापलं, शिकवलं, त्यातलं तिने काही ऐकलं नाही, आणि तुझ्या न केलेल्या एका गोष्टीवर ती उठून हात धुवायला गेली. मी खुर्चीत बसून राहिले, कारण मला तोपर्यंत तू सगळी आठवायला लागली होतीस.

दुसऱ्या बाळंतपणाला मी आले तेव्हा तू बाज आधीच ओढून खिडकीखाली आणली होतीस. लुगडं काढलं होतंस. शेजारणी यायच्या आणि कुजबुजायच्या की हिला झालंय काय, तान्ह्या पोरीला उघड्यावर घेऊन बसते. त्यातली एक म्हातारी तोंडावरच म्हणाली, "अगो, वारो लागतलो तिका!" तू म्हणालीस, "लागांदे." शेगडी कुठे आहे असं त्यांनी विचारलं की सांगायचीस, "कोळसो गावना नाय." मला वाटलं, तुझं मन उडालं असेल. थकली असशील. एकीकडे बरंही वाटलं नाही, आपलं पहिल्यासारखं होत नाही म्हणून मी जरा फुरंगटलेच होते. तू दोन्ही तळवे एकमेकांवर घासघासून गरम करायचीस आणि माझ्या पोटावर ठेवायचीस, मग पुन्हा घासायचीस, पोरीच्या पाठीवर ठेवायचीस. तासन्‌तास. तुझ्या तळव्यांची सालं निघाली होती. आणि आई, कोळशाची वखार चाळीच्या तोंडाशीच होती. ती एक दिवस बंद नव्हती. खिडकीखालच्या बाजेवरून मला तिच्यातला तराजू दिसायचा.

म्हणजे तू घाबरली होतीस. कुणी काही सांगितलेलं नसताना, एकटीच. माझ्या पहिल्या बाळंतपणापासून दुसऱ्यापर्यंत आणि नंतरची सगळी वर्षं, आमच्यासाठी आंबोळ्या घालताना, जावयाचं कौतुक करताना, नातीच्या वेण्या घालताना. माझ्या नकाशावर आपली चाळ शोधताना तू ठिपकाच शोधत होतीस. की मी हे सगळं आता रचते आहे, कारण मला तू तशी हवी आहेस? कोळसा खरंच भिजलेला येत असेल. तुझी कंबर दुखत असेल, वाकवत नसेल. तेही असू शकतं. मला एवढंच दिसतं की एक शेगडी पेटली नाही, ती का ते फक्त तुला माहीत.

पुढच्या आठवड्यात बाळ-बाळंतिणीसाठी पलंग खिडकीखालीच राहील, हे मी तुझ्या जावयांना आज पक्कं सांगितलं. मला अजूनही धीर नाही. बाळ जरा भरभर श्वास घ्यायला लागलं की मी काय करेन ते मला माहीत नाही. हा कागद कुठे टाकायचा तेही माहीत नाही, घाटकोपरच्या पत्त्यावर आता वॉचमन घेईल. पण एक कबूल करते. तू शेगडी का पेटवली नाहीस, हे मी तुला तेव्हा विचारायला हवं होतं असं नाही, मला नंतर विचारता आलं असतं. तुझ्या शेवटच्या आजारपणात मी रोज तुझ्या उशाशी बसत होते, शिकलेली होते, धुराबद्दल सगळं वाचलेलं होतं, आणि तो प्रश्न दोनदा माझ्या तोंडात आला होता. धुरामुळेच ना, असं विचारल्यावर तू हो म्हणशील या भीतीने मी तो गिळला आणि पुढे आठवूच दिला नाही. आज तो विचारते आहे, तो फक्त तू उत्तर देणार नाहीस या भरवशावर.